साताऱ्यात राहून वर्षभर फुलं रंगवायची तर

सप्टेंबरात फुलं रंगवायला पहिल्यांदा कासच्या पठारावर जाणारा नवखा चित्रकार बहुतेक वेळा एकच चूक करतो. मोठा कागद बोर्डावर ताणून नेतो आणि तिथंच पूर्ण चित्र करायला बसतो. अर्ध्या तासात धुकं उतरतं, मग सर येते, कागद वाळत नाही, जांभळा रंग राखेसारखा होतो. घरी येतं ते चित्रही नसतं आणि नोंदही नसते. पुढच्या आठवड्यात जावं तर ते फूल ओसरलेलं असतं.

म्हणून कामाची वाटणी आधीच करून टाकावी. फुलांचा हंगाम नोंदींचा, उरलेलं वर्ष चित्रांचं. जागेवर आकार, रंग, माप आणि प्रकाश एवढं टिपून आणायचं. चित्र घरी टेबलावर बसून करायचं. सातारा-सांगलीकडच्या चित्रकाराला ही पद्धत सोयीची पडते, कारण इथं बाराही महिने काही ना काही फुललेलं असतं, पण कुठलंही फूल फार दिवस थांबत नाही. पुढचं सगळं जलरंगाला धरून आहे.

पिशवीत काय असावं

जागेवर न्यायचं सामान एका खांद्याच्या पिशवीत मावलं पाहिजे. ए-फाइव्ह मापाची जाड पुठ्ठ्याची वही, कागद निदान २०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद जाड). टू-बी पेन्सिल. गोल ब्रश दोन, ८ आणि ४ नंबरचे. सहा इंची पट्टी. वाऱ्यात पान धरायला दोन क्लिपा. स्वच्छ पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली आणि घट्ट झाकणाची दुसरी रिकामी बाटली. ही दुसरी बाटली गढूळ पाण्यासाठी. पठारावर रंगाचं पाणी ओतायचं नाही. तिथल्या जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो, त्यातच त्या फुलांचं सगळं आयुष्य. त्यात कोबाल्ट-कॅडमियमचे रंग मिसळायला नकोत. टिश्यू पेपरपेक्षा जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा बरा. पाणी जास्त शोषतो आणि लगदा होत नाही. वही ठेवायला झिपची प्लास्टिक पिशवी विसरू नये.

रंग आठ पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, परमनंट रोज, अल्ट्रामरिन ब्लू, सेरुलियन ब्लू, सॅप ग्रीन, बर्न्ट सिएना. काळा आणि तयार जांभळा घरीच ठेवा. हातात असले की ते वापरले जातात आणि नोंद बिघडते.

सुरुवातीला विद्यार्थ्यांचे रंग चालतील, पण कागदात काटकसर करू नका. स्वस्त कागदावर महागडा रंगही मळकट दिसतो, चांगल्या कागदावर साधा रंगसुद्धा उजळतो. घरच्या चित्रांसाठी ३०० जीएसएमचा सुती कागद घ्यावा. २२ बाय ३० इंचांचा पूर्ण ताव घेऊन त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी ११ बाय १५ इंचांचा कागद मिळतो. शिकण्यासाठी हे माप उत्तम.

कुठल्या महिन्यात काय

कासचं पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, यवतेश्वरचा घाट चढून. उंची सुमारे १२०० मीटर. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत आल्या, त्यांत कासही आहे. फुलांच्या दिवसांत जायचं तर ऑनलाइन नोंदणी आधी करून ठेवा. शनिवार-रविवार टाळा. गर्दीत वही उघडायलाही जागा मिळत नाही. बामणोलीकडे जाणारी एसटी या रस्त्यानं जाते. सकाळी लवकर पोचलात तर दोन-तीन तास निवांत मिळतात.

पावसाच्या सुरुवातीला जमिनीवरची आमरी आणि चवर. ऑगस्टात पांढऱ्या बटणासारखे गेंद आणि तेरडा. सप्टेंबरात खरा बहर: सीतेची आसवं, सोनकी आणि कवला, ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात. पाणथळ जागी वायतुरा दिसतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. कुमुदिनीची पांढरी फुलं बघायला थोडं चालावं लागतं. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा ज्या वर्षी ती आली त्या वर्षी बाकी सगळं सोडून तिच्याच नोंदी कराव्यात.

कास संपलं म्हणजे फुलं संपली, असं मानून पुष्कळ जण ऑक्टोबरनंतर वही मिटतात. तसं करू नये. दसरा-दिवाळीला झेंडूची शेतं असतात. थंडी पडली की कृष्णाकाठच्या उसाला तुरे येतात. सकाळी साडेसातच्या उन्हात ते रुपेरी-गुलाबी दिसतात, दहा वाजता नुसते पांढरट. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याचा मोहर, खटाव-माणकडच्या रानात करडईची काटेरी पिवळी फुलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर. एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर. महाबळेश्वरकडे त्याच सुमाराला अंजनीच्या फांद्यांना निळी-जांभळी फुलं चिकटलेली असतात.

वहीच्या शेवटच्या पानावर बारा महिन्यांचे रकाने आखा. कुठलं फूल कुठं, कुठल्या तारखेला पूर्ण फुललेलं दिसलं, एवढंच लिहायचं. दोन-तीन वर्षांत हा तक्ता तुमच्या कामाचं वेळापत्रक होतो.

एका फुलाची नोंद: वीस मिनिटांत तेरडा

नोंद म्हणजे काय, हे एका फुलावरून पाहू. आखून दिलेल्या वाटेवर राहून, कडेला वाकून दिसेल असं एखादं रोप निवडा. फुलांवर बसायचं नाही, फूल तोडून वहीत ठेवायचं नाही.

पहिली पाच मिनिटं फक्त पेन्सिल. आधी देठाची मुख्य रेघ, तिचा कल. मग पानं देठाला कुठं चिकटतात ते. पानं समोरासमोर आहेत की आलटून पालटून, ही एकच गोष्ट चुकली तरी जाणकार माणूस चित्र बाजूला ठेवतो. त्यानंतर फूल समोरून एकदा आणि बाजूनं एकदा. तेरड्याच्या खालच्या दोन पाकळ्या मोठ्या, पंखांसारख्या पसरलेल्या असतात, आणि बाजूनं पाहिल्याशिवाय फुलाची पाठ कळत नाही. नवखे लोक प्रत्येक फूल समोरून काढतात. मग चित्रातली सगळी फुलं आपल्याकडे टक लावून बघत बसतात. रानात दहातली सात फुलं पाठमोरी किंवा तिरकी असतात.

पुढची दोन मिनिटं पट्टी. फुलाची रुंदी, पानाची लांबी, रोपाची उंची मिलिमीटर-सेंटिमीटरमध्ये. सीतेची आसवं हे फूल एक सेंटिमीटरच्या आत असतं आणि देठ दोऱ्याएवढा. हे माप लिहिलेलं नसलं तर घरी गेल्यावर ते हमखास सोनकीएवढं काढलं जातं.

मग दहा मिनिटं रंग. फुलाशेजारीच, पानाच्या कडेला, अर्ध्या इंचाचे तीन चौकोन करा: उजेडातली पाकळी, सावलीतली पाकळी, पान. रंग जमेपर्यंत पॅलेटवर मिसळा आणि काय-काय किती घेतलं ते चौकोनाखाली लिहा. जलरंग सुकल्यावर एक पायरी फिकट होतो, म्हणून ओला चौकोन डोळ्याला दिसतो त्याहून थोडा गडदच हवा.

उरलेल्या तीन मिनिटांत तारीख, वेळ, ढग की ऊन, वारा कुठून, शेजारी कुठलं गवत, खाली खडक की चिखल हे लिहून टाका. मोबाइलवर दोन फोटोही घ्या, पण आकार आणि गर्दी लक्षात राहावी एवढ्यासाठीच. जांभळ्या फुलांच्या रंगाबाबत फोटोवर विसंबू नका. मोबाइल जांभळ्याला निळ्याकडे किंवा गुलाबीकडे ढकलतो. कागदावरचा चौकोन हाच पुरावा.

एका फेरीत तीन फुलं पुरे.

जांभळा का मळतो

साताऱ्याच्या फुलांत जांभळ्याचं राज्य आहे आणि नवख्यांचा सगळ्यात जास्त कागद तिथंच वाया जातो. कारण अगदी साधं आहे. लाल आणि निळा मिळून जांभळा होतो, हे शाळेतलं पाठ असतं. त्या भरवशावर व्हर्मिलियनमध्ये अल्ट्रामरिन टाकलं जातं आणि तपकिरी-राखाडी चिखल तयार होतो. व्हर्मिलियन पिवळ्याकडे झुकलेला लाल आहे. पिवळा आणि जांभळा एकमेकांना मारतात. लाल निवडताना तो निळ्याकडे झुकणारा हवा: परमनंट रोज किंवा तसाच गर्द गुलाबी. निळाही लालाकडे झुकणारा, म्हणजे अल्ट्रामरिन. सेरुलियन हिरव्याकडे झुकतो, तो आकाशासाठी.

प्रमाण साधारण असं धरा. तेरड्यासाठी गुलाबीचे चार भाग आणि अल्ट्रामरिनचा एक. सीतेच्या आसवांसाठी उलट, निळ्याचे तीन आणि गुलाबीचा एक, मध्यातला पांढरा ठिपका कागदाचाच सोडलेला. कारवीसाठी दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे, भरपूर पाणी. ही सुरुवातीची मापं, जागेवर डोळ्यानं दुरुस्त करायची.

दोन रंग पॅलेटवर घोटून एकजीव करू नका. अर्धवट मिसळलेले असतानाच कागदावर ठेवा. एकाच पाकळीत कुठं गुलाबी, कुठं निळं दिसतं आणि पाकळी जिवंत वाटते. आणि ब्रश धुतल्याशिवाय हिरव्यातून जांभळ्यात जाऊ नका. पाण्याची दोन भांडी याचसाठी असतात, एक धुवायला, एक स्वच्छ.

विकायची चित्रं असतील तर ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायची सवय लावा. पी. आर. ८३ म्हणजे जुना अलिझारिन क्रिमसन. तो उजेडात उडतो. पी. व्ही. १९ लिहिलेला गुलाबी टिकतो. भडक चमकणारे ऑपेरा गुलाबी तेरड्याला अगदी जुळतात म्हणून मोह होतो, पण तेही उडतात. ज्यांनी पैसे देऊन चित्र भिंतीवर लावलं त्यांच्या घरी तीन वर्षांनी तेरडा पांढुरका झाला, तर त्याला उत्तर नसतं.

घरी बसून: कासचा पट्टा

आता नोंदींवरून ११ बाय १५ इंचांचं चित्र. आधी आगपेटीएवढ्या मापात तीन-चार कच्ची रेखाटनं करा, तीनच छटांत: फिकट, मध्यम, गडद. त्यातलं जे लांबून ओळखू येतं तेच घ्यायचं.

कागद चारही बाजूंनी टेपनं बोर्डावर लावा. क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात, मागं डोंगराच्या दोन रेघा. फुलं पेन्सिलनं काढायची ती फक्त पुढची आठ-दहा. पुढच्या सोनकीच्या पिवळ्या जागा राखायला मास्किंग फ्लुइड लावा, म्हणजे खालच्या कागदाला रंग लागू न देणारं आणि नंतर सोलून काढायचं द्रव. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर केस चिकटून ब्रश जातो. हे द्रव्य कागदावर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका आणि कागद ओलसर असताना सोलू नका, कागदाची साल निघते.

वरचे दोन-तृतीयांश स्वच्छ पाण्यानं सारखे ओले करा. अल्ट्रामरिनमध्ये किंचित बर्न्ट सिएना घालून केलेला अगदी पातळ करडा आकाशाला. धुकं हवं तिथं काहीच लावू नका. पिळलेल्या ब्रशनं रंग उचललात तरी चालेल.

यानंतरचा क्षण ओळखता आला पाहिजे. कागदाची चमक गेलेली असते पण बोटाच्या पाठीला तो गार लागतो. त्याच वेळी लांबचा जांभळा पट्टा दाट रंगानं ठेवायचा. चमक असताना ठेवलात तर रंग धावत आकाशात जातो. उशीर झाला आणि ब्रशमध्ये पाणी जास्त असलं, तर कडेला फ्लॉवरच्या भाजीसारखे फुगे उमटतात. तो डाग ओला असताना खोडायला गेलं की वाढतो. पूर्ण सुकू द्या, मग ओल्या ब्रशनं कड मऊ करा.

गवताचा हिरवा ट्यूबमधून थेट नको. सॅप ग्रीनमध्ये पुढं लेमन यलो, मागं थोडा अल्ट्रामरिन, मध्ये बर्न्ट सिएना. जांभ्याला बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिन, कोरड्या ब्रशची बाजू कागदावर घासून. खडकाचा खरबरीतपणा आपोआप येतो.

सप्टेंबरच्या दमट हवेत एक थर वाळायला पाऊण तासही लागतो. हेअर ड्रायर वापरायचा तर हातभर लांबून, आणि चमक गेल्यावरच. ओल्या रंगावर झोत मारला की रंग ओघळून एका कडेला जमतो.

मग मधला पट्टा. इथं सगळ्यांचं चित्र छापील साडीसारखं होतं: सारख्या मापाचे, सारख्या अंतरावरचे ठिपके. फुलं घोळक्यानं येतात, मध्ये मोकळं गवत असतं. लांबचे ठिपके आडवे, बारीक, एकमेकांत मिसळलेले. जवळ येताना ते मोठे आणि सुटे. पुढच्या आठ-दहा फुलांनाच कडा, पाकळ्या, सावली. सगळं पूर्ण कोरडं झाल्यावर मास्किंग सोला, पिवळा भरा. सोनकीची सावली यलो ऑकरमध्ये जांभळ्याचा थेंब घालून करा. काळा घातलात तर पिवळा हिरवट होतो. गेंदासारख्या पांढऱ्या फुलाला पांढरा रंग लावायचा नाही. मागचं गवत गडद करा, फूल आपणहून पुढं येतं.

उन्हाळ्यातली फुलं

मार्चपासून अडचण उलटी होते. रंग ब्रश उचलायच्या आत सुकतो. कागद पाठीमागूनही ओला करा, पाण्यात ग्लिसरिनचे दोन-तीन थेंब टाका, आणि सकाळी दहापर्यंत काम उरका. कागदावर थेट ऊन नको. पांढऱ्या कागदाची झळाळी डोळ्यांवर येते, सगळं गडद वाटतं आणि चित्र फिकट राहतं. घरी आणल्यावर ते कळतं. छत्री पांढरी, करडी किंवा काळी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो. गॉगल तर नकोच.

पळस काढताना फुलापेक्षा देठाकडे बघा. पाकळीची चोच सगळे काढतात. ती ज्या मखमली, काळसर पुष्पकोशातून निघते तो गडदपणा नसला तर केशरी पेटत नाही. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिन दाट मिसळून तो करा. केशरीच्या सावलीत निळा घालू नका, परमनंट रोज घाला. बहाव्याचे घोस खाली लोंबतात, वरची फुलं उमललेली, टोकाशी कळ्या. प्रत्येक फुलात तीन लांब वाकलेले पुंकेसर असतात. ते ४ नंबरच्या टोकानं एकाच झटक्यात. पुन्हा गिरवलं की ते दोरीसारखे दिसतात.

भर दुपारी बाहेर काम होत नाही, तेव्हा एक दिवस सातारा जिल्ह्यातल्या औंधला द्या. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढायचे, त्यांनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात राजा रवि वर्मांची मूळ तैलचित्रं आहेत. मोबाइलवर पाहिलेल्या चित्रात कपड्याच्या घडीतला रंग गरम कुठं, गार कुठं हे कळत नाही. तिथं हातभर अंतरावरून कळतं.

पोटापाण्याचं वेळापत्रक

या कामावर थोडंफार उत्पन्न हवं असेल तर एक पेच आधीच माहीत असावा. दिवाळीच्या भेटवस्तूंची आणि कॅलेंडरची कामं सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, आणि नेमकी तेव्हाच कासला फुलं असतात. यंदाची फुलं यंदाच्या कॅलेंडरात घालायला गेलं की दोन्हीकडे घाई होते. कॅलेंडर गेल्या वर्षीच्या वहीतून करायचं. चित्रं ऑगस्टअखेर तयार हवीत, म्हणजे सप्टेंबर मोकळा राहतो.

काम घेताना माप, कागद, फ्रेम धरून की सोडून, बदल किती वेळा आणि तारीख हे कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. निम्मे पैसे आधी. ओळखीच्या माणसाकडे हे मागायला जड जातं, पण नंतरची कटकट वाचते. छपाईसाठी स्कॅन ज्या मापात छापायचं त्या मापाला ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) हवा. ए-फोरचं चित्र ए-थ्रीमध्ये छापायचं असेल तर स्कॅन ६०० वर करा.

फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, तोही आम्लविरहित. पावसात काचेच्या आत ओल धरते आणि टेकलेलं चित्र चिकटतं किंवा त्यावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. बाहेरच्या भिंतीवर, जिथं पावसाची ओल उतरते, तिथं चित्र लावू नका, असं घेणाऱ्यालाही सांगा.

न वापरलेल्या कागदाला तर याहून जास्त सांभाळावं लागतं. चांगल्या कागदावर सरसासारखा थर असतो, त्यामुळे रंग वर बसतो. ओल लागून तो थर मेला की कागद टिपकागदासारखा रंग पितो. रंग लावताच ठिपके-ठिपके दिसले तर तो ताव सरावाला काढा. मे संपायच्या आत सगळे कागद आणि नोंदवह्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, बरोबर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या खड्यांच्या पाच-सहा पुड्या. निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यायलंय असं समजा. मंद आचेवर कोरड्या तव्यात पुन्हा निळे होईपर्यंत फिरवा, गार करा, परत डब्यात टाका. तवा मात्र स्वयंपाकाचा नको. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरा दिवसांनी डबा उघडून खडे बघावेत.